ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा पाच माणसांचे स्वस्त आणि पोटभर जेवण कसा होईल?

चिंचवडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसे आहेत: त्या आणि त्यांचे पती, दहा आणि तेरा वर्षांचे दोन मुलगे, आणि सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या सासूबाई. मुलांनी एका मॉलमध्ये चीज घातलेला ‘जॅकेट पोटॅटो’ खाल्ला आणि तसाच घरी करण्याचा हट्ट धरला. मागच्या रविवारी ताईंनी २८ लिटरच्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेवरच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये, फॉईलमध्ये गुंडाळलेले बटाटे १८० अंशांवर तासभर ठेवले. मोठे बटाटे मध्यभागी कच्चे राहिले आणि लहान ओलसर, चिकट झाले. चीज, मेयोनीज, मक्याच्या दाण्यांचा डबा आणि बटर धरून सुमारे साडेचारशे रुपये खर्च झाला आणि तरीही रात्री दहा वाजता पोळ्या लाटाव्या लागल्या. बटाटा कोणता घ्यावा, किती वेळ भाजावा आणि हे जेवण परवडेल असे कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे पुण्यात विद्यार्थ्यांची मेस चालवतो. माणशी ताटाचा खर्च काढणे हे माझे रोजचेच काम आहे आणि रविवारच्या फीस्टसाठी भाजलेले बटाटे मी बऱ्याच वेळा केले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. बटाटे कच्चे किंवा ओले राहिले, हा खरेदीचा आणि ओव्हनचा प्रश्न आहे. तो सुटण्यासारखा आहे. पण रात्री दहा वाजता पोळ्या का लागल्या, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण बटाटे उत्तम भाजले गेले असते तरी त्या पोळ्या लागल्याच असत्या. म्हणून मी त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

कच्च्या बटाट्यात दर शंभर ग्रॅममागे साधारण ८० ग्रॅम पाणी असते. सव्वादोनशे ग्रॅमचा, म्हणजे बऱ्यापैकी मोठा दिसणारा एक बटाटा पोटाला जेमतेम दोन पोळ्यांएवढा आधार देतो आणि त्यात प्रथिने फक्त चार-साडेचार ग्रॅम असतात. तेरा वर्षांचा मुलगा एरवी तीन-चार पोळ्या, भाजी, आमटी आणि वर भात खात असेल, तर एका बटाट्यावर आणि त्यावरच्या वीस-तीस ग्रॅम चीजवर त्याची रात्र निघणार नाही. चीजमुळे जेवण जड वाटते, पण ताटात आमटीची किंवा उसळीची जागा भरून निघत नाही. तुमच्या साडेचारशे रुपयांपैकी बटाट्यांवर पन्नास-साठ रुपये गेले असतील. उरलेले सगळे पैसे जिभेला सुखावणाऱ्या, पण पोट न भरणाऱ्या जिनसांवर गेले.

हा पदार्थ ज्या ब्रिटनमधून आपल्याकडे आला, तिथे तो गरिबांचे आणि मध्यमवर्गाचे साधे जेवण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रस्त्यांवर विक्रेते पत्र्याच्या डब्यात कोळशाच्या धगीवर गरम ठेवलेले भाजके बटाटे विकत, आणि थंडीत लोक ते खाण्याआधी हात शेकण्यासाठीही घेत. आजही तिथल्या घरांत या बटाट्यावर टोमॅटोच्या रसातले बीन्स घालतात. ते बीन्स म्हणजे राजम्याच्याच जातीचे बारीक पांढरे दाणे. थोडक्यात, तिथे बटाट्यावर कडधान्य असते. आपल्याकडे मॉलमध्ये हा पदार्थ आला तेव्हा त्यातले कडधान्य बहुतेक ठिकाणी गळाले, चीज आणि मेयोनीज राहिले, आणि त्यामुळे तो महागही झाला आणि अपुराही. आपल्या घरात तर उसळ आहेच. मोड आलेल्या मटकीची दाट उसळ बटाट्यावर घातली की हे जेवण पूर्ण होते, आणि ते माझ्या अनुभवात मुलांनाही आवडते.

आता बटाट्याकडे वळू. भाजण्यासाठी पिठूळ बटाटा लागतो, म्हणजे ज्यात स्टार्च जास्त आणि पाणी कमी असते आणि जो भाजल्यावर भुसभुशीत फुटतो. अमेरिकेत यासाठी रसेट आणि ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड या जाती वापरतात. आपल्याकडे कुफ्री ज्योती, कुफ्री लवकर, कुफ्री चिप्सोना अशा जाती आहेत, पण भाजीच्या गाड्यावर जातीचे नाव विचारून उपयोग नसतो. तिथे तळेगाव, इंदूर, आग्रा ही नावे चालतात. इंदूरच्या बाजूचा, म्हणजे माळव्यातला बटाटा वेफर्सच्या कारखान्यांतही जातो, कारण त्यात साखर कमी आणि घनभाग जास्त असतो. मिळाला तर भाजण्यासाठी मी तोच घेतो. पावसाळा संपताना आपल्या खेड-मंचरकडचा खरिपाचा नवा बटाटा बाजारात येतो. तो रस्साभाजीला फार चांगला, पण अंगठ्याने साल सुटत असेल इतका कोवळा असताना भाजण्यासाठी घेऊ नये. त्यात पाणी जास्त असते आणि आतला गर मेणासारखा राहतो.

तुमचे लहान बटाटे ओले झाले, यामागे फॉईलबरोबर शीतगृहाचाही हात असू शकतो. उत्तरेकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि पुढचे कित्येक महिने शीतगृहातून येतो. खूप कमी तापमानात बटाट्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते, म्हणूनच पावसाळ्यात पुष्कळदा भाजी गोडसर लागते. असा बटाटा ओव्हनमध्ये बाहेरून लवकर काळपट होतो आणि आतून भुसभुशीत होत नाही. उपाय सोपा आहे: बटाटे दोन-तीन आठवडे आधी आणून अंधाऱ्या, हवेशीर जागी गोणपाटावर पसरून ठेवावेत. घरातल्या साध्या तापमानाला त्यातली बरीचशी साखर परत कमी होते. कच्चा बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण तिथे नेमके उलटे घडते. हिरवट झालेले बटाटे मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. त्या हिरवेपणाबरोबर सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि आपण तर हा बटाटा सालीसकट खाणार आहोत.

बटाटा पिठूळ आहे की चिकट, हे घरी ओळखण्याची एक पद्धत मी मेसमध्ये नेहमी वापरतो. एक लिटर पाण्यात ११० ग्रॅम साधे मीठ पूर्ण विरघळवून त्यात धुतलेला बटाटा सोडावा. बुडला तर त्यात स्टार्च भरपूर आहे, तरंगला तर पाणी जास्त आहे. तरंगणारे बटाटे रश्श्यासाठी बाजूला काढावेत. हे पाणी फेकू नये. त्याचा पुढे आणखी एक उपयोग आहे.

आकाराबद्दल मात्र मी आग्रह धरेन, कारण याच कारणाने माझी पहिली फीस्ट बिघडली होती. साठ मुलांसाठी मी ५० किलोची गोणी आणली आणि हाताला येतील ते बटाटे बेकरीच्या जुन्या भट्टीत लावले. साडेआठ वाजता मुले ताटे घेऊन बसली, तेव्हा निम्मे बटाटे तयार होते आणि निम्म्यांच्या मध्यभागी सुरी अडत होती. त्या रात्री मुलांना घाईने कुकर लावून डाळभात वाढावा लागला, आणि उपाशी मुले ताटाशी थांबलेली पाहून मला फार वाईट वाटले. बटाटा शिजायला लागणारा वेळ प्रामुख्याने त्याच्या जाडीवर ठरतो, आणि जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो. तेव्हापासून मी प्रत्येक बटाटा काट्यावर ठेवून घेतो. तुम्ही २०० ते २५० ग्रॅमच्या दरम्यानचे, शक्यतो लांबट बटाटे निवडा. त्याच वजनाचा गोल बटाटा जाड असल्यामुळे दहा-पंधरा मिनिटे जास्त घेतो. एवढे मोठे बटाटे बहुतेक गाड्यांवर वेचून घ्यावे लागतात, पण घरगुती गिऱ्हाईक मध्यम आकार पसंत करत असल्याने ते शिल्लक असतात. याहून मोठ्या आकाराच्या मोहात पडू नका. अमेरिकेतल्या नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने १९०९ पासून शेतकऱ्यांना एरवी विकता न येणारे जवळजवळ किलो-किलोचे बटाटे गाडीत भाजून वाढायला सुरुवात केली आणि त्यावर मोठी ख्याती मिळवली, पण त्यांच्याकडे दिवसभर पेटलेली भट्टी होती. आपल्या ओटीजीत तसा बटाटा भाजण्यात वीजच जाईल.

पाच जणांसाठी मी आठ बटाटे धरतो, म्हणजे साधारण १ किलो ८०० ग्रॅम. वडील आणि थोरला मुलगा यांना दोन-दोन, तुम्हाला आणि धाकट्याला एक-एक, सासूबाईंना अर्धा. जे दीड-दोन उरतील, ते दुसऱ्या दिवसासाठी मुद्दाम जास्तीचे आहेत.

बटाटे नारळाच्या शेंडीने घासून धुवावेत. सालीच्या खाचांत माती अडकलेली असते आणि नुसत्या नळाखाली ती निघत नाही. मग काट्याने प्रत्येकाला पाच-सहा ठिकाणी टोचावे, म्हणजे वाफ बाहेर पडायला वाट राहील. त्यानंतर त्याच खारट पाण्यात प्रत्येक बटाटा बुडवून लगेच बाहेर काढावा. साल वाळताना त्यावर मिठाचा पातळ थर बसतो आणि ती आपोआप चविष्ट होते. तेल या वेळी लावू नये. आधी तेल लावले तर सालीखालचे पाणी अडते. शेवटची दहा मिनिटे राहिली की ब्रशने थोडेसे लावावे, तेवढ्यात साल कुरकुरीत होते.

फॉईलबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती नको. फॉईलमधला बटाटा भाजला जात नाही, स्वतःच्याच वाफेत उकडला जातो, आणि ते काम कुकर बारा मिनिटांत करतो. ओव्हनचा एवढा खर्च आपण करतो तो पाणी बाहेर काढण्यासाठी, आणि फॉईल नेमके तेच होऊ देत नाही.

तुमच्या ओटीजीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही दांड्या सुरू ठेवून २०० अंशांवर बारा मिनिटे तापवा. बटाटे ट्रेमध्ये न ठेवता जाळीवर, एकमेकांना न टेकतील असे ठेवा. ट्रे खालच्या खाचेत थेंब झेलायला असू द्या. जाळी मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत हवी, कारण वरच्या दांडीजवळ साल करपते. अर्ध्या वेळेनंतर बटाटे उलटे करावेत आणि मागच्या बाजूचे पुढे आणावेत, कारण लहान ओव्हनमध्ये उष्णता सगळीकडे सारखी नसते. सव्वादोनशे ग्रॅमच्या बटाट्याला माझ्याकडे ६० ते ७० मिनिटे लागतात, पण आठ बटाटे एकदम लावल्यावर लहान ओव्हनचे तापमान थोडे उतरते, म्हणून तुम्ही ७५ मिनिटांची तयारी ठेवा. ओटीजीच्या बटणावरचे अंश आणि आतले खरे तापमान यांत २०-३० अंशांचा फरक असणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे माझ्या मिनिटांपेक्षा सुरीवर विश्वास ठेवा. बारीक पात्याची सुरी मध्यापर्यंत लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. तापमापक असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या पुढे गेलेला बटाटा तयार समजावा. स्टार्च ६०-६५ अंशांच्या आसपासच फुगू लागतो, पण गर सुटा व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. तुमच्या मोठ्या बटाट्यांच्या मध्यात ती पोहोचलीच नव्हती.

बाहेर काढल्याबरोबर प्रत्येक बटाट्याला वरून अधिक चिन्हासारखी चीर द्यावी आणि फडक्यात धरून खालून दाबावे, म्हणजे तो उघडतो आणि वाफ निघून जाते. ही चीर द्यायला दहा मिनिटे उशीर झाला तरी तीच वाफ आत पाणी होऊन बसते आणि तासाभराचे काम वाया जाते. म्हणून माणसे पानावर बसल्यावरच बटाटे बाहेर काढावेत.

तुमचे वीजबिल वरच्या टप्प्यात जात असेल किंवा वेळ कमी असेल, तर कुकर आणि ओव्हन दोन्ही वापरावेत. बटाटे कुकरमध्ये पाण्यात न बुडवता जाळीवर ठेवून एक शिट्टी करावी, वाफ लगेच सोडावी, बटाटे पुसून पंख्याखाली पाच मिनिटे कोरडे करावेत आणि मग २२० अंशांवर २५ मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावेत. साल थोडी कमी कुरकुरीत होते, आतला गर पूर्ण भाजलेल्या बटाट्याइतका हलका होत नाही, पण नव्वद टक्के समाधान मिळते आणि ओव्हनचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. एअर फ्रायर असणाऱ्यांनी तीन-चार बटाट्यांसाठी तोच वापरावा, पण पाच जणांना दोन घाणे काढावे लागतात आणि पहिला घाणा थंड होतो. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांनी कुकरमधून काढलेले बटाटे अर्धे कापून जाड तव्यावर कापलेली बाजू खाली ठेवून मंद आचेवर खरपूस करावेत. गावाकडे चूल असेल तर प्रश्नच नाही. चुलीतल्या गरम फुफाट्यात पुरलेल्या बटाट्याची चव मला आजवर कोणत्याही ओव्हनने दिलेली नाही.

इथवरचे सांगायचे तर सारख्या वजनाचा, जुन्या सालीचा, पिठूळ बटाटा, फॉईलशिवाय, २०० अंशांवर, आणि काढल्या क्षणी चीर. बटाट्याचे एवढेच आहे. जेवण मात्र यापुढे सुरू होते.

उसळीसाठी पाव किलो मटकी शनिवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. रविवारी सकाळपर्यंत मोड येतील. नेहमीची मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, दोन कांदे, तीन टोमॅटो, तुमचा नेहमीचा काळा किंवा गोडा मसाला आणि किंचित गूळ एवढे पुरे. फरक फक्त रसाचा आहे. पोळीबरोबर आपण उसळ जरा पातळ ठेवतो. बटाट्यावर घालायची असेल तर ती अंगाबरोबर रसाची हवी, आणि शिजलेल्या मटकीपैकी डावभर घोटून परत घातली की रस दाण्यांना धरून राहतो. पातळ रस बटाट्यातून झिरपून ताटलीत जमतो आणि साल मऊ पडते. उलट फार कोरडी उसळही चालत नाही, कारण भाजलेला बटाटा स्वतः कोरडा असतो. याच कारणाने बटाट्यावर झुणका मला आवडत नाही; कोरड्यावर कोरडे होऊन घास घशाशी अडतो. राजमा, चवळी किंवा काळ्या वाटाण्याची दाट उसळ चालते, पालकाची डाळ घातलेली पातळ भाजी थोडी आटवून चालते, अंडी खाणाऱ्यांना टोमॅटो घातलेली ओलसर भुर्जी फार छान लागते.

वाढण्याच्या पद्धतीत एक गोष्ट मी तुर्की लोकांकडून घेतली आहे. इस्तंबूलमध्ये, विशेषतः ओर्ताकॉय भागात, ‘कुंपिर’ नावाचा भाजलेला बटाटा मिळतो; त्यात आधी बटर आणि चीज घालून गर सालीच्या आतच काट्याने फेटतात आणि मग वर बाकीचे जिन्नस रचतात. आपणही चीर दिलेल्या बटाट्यात छोटा चमचाभर बटर आणि चिमूटभर मीठ घालून गर आतल्या आत कालवावा. असे केले की तळाच्या घासालाही चव लागते, आणि वरून दुप्पट बटर ओतण्याची इच्छा होत नाही. मग उसळ, त्यावर फेटलेले घट्ट दही, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि शेवटी भाजलेल्या दाण्यांचे भरड कूट किंवा शेंगदाण्याची चटणी. मेयोनीजची जागा दही पूर्णपणे घेते. मी असे म्हणतो ते काटकसरीपायी नव्हे, तर तिखट उसळीवर आंबटसर थंड दही खरोखरच जास्त चांगले लागते म्हणून.

मुलांना चीज हवेच असेल, तर ते नाकारू नका. या जेवणाची सुरुवातच त्यांच्या हौसेतून झाली आहे. पण दोनशे ग्रॅमचा ठोकळा संपवण्याऐवजी दोन लहान क्यूब अगदी बारीक किसून, उसळ घातलेल्या बटाट्यांवर शेवटी भुरभुरावे आणि तीन मिनिटे वरच्या दांडीखाली ठेवावे. किसलेले चीज सगळीकडे पसरते, दिसायला भरपूर दिसते आणि मुलांचे समाधान होते.

खर्चाचा हिशेब मी असा मांडतो. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून इथे धरलेले भाव तुमच्या बाजाराप्रमाणे बदलून घ्यावेत. बटाटे ३० रुपये किलो धरले तर १ किलो ८०० ग्रॅमचे ५४ रुपये, मटकी १४० रुपये किलोने पाव किलोचे ३५, अर्धा लिटर दुधाचे घरी विरजलेले दही ३०, कांदे, टोमॅटो, कोथिंबीर ३०, ४० ग्रॅम बटर २४, ६० ग्रॅम शेंगदाणे १०, तेल-मसाला १५. माझ्या मोजणीप्रमाणे दीड हजार वॅटचा ओटीजी थर्मोस्टॅटमुळे अधूनमधून बंद होत असल्याने अशा दीड तासात सव्वा युनिटच्या आसपास वीज घेतो. युनिटला दहा रुपये धरले तर साडेबारा रुपये. एकूण २१० रुपयांच्या जवळपास, म्हणजे माणशी ४२ रुपये. मुलांसाठी चीजचे दोन क्यूब घेतले तरी अडीचशेच्या आत. आणि या ताटात प्रत्येकाला साधारण २० ग्रॅम प्रथिने मिळतात: बटाट्यातून चार-पाच, मटकीतून अकरा, दह्यातून तीन, दाण्यांतून तीन. तुमच्या मागच्या रविवारच्या ताटात ती याहून बरीच कमी होती.

एकदा तापलेला ओव्हन फक्त बटाट्यांसाठी वापरणे मला पटत नाही. बटाट्यांच्या बाजूला उरलेल्या जागेत एक भरताचे वांगे टोचून ठेवा. ते पाऊण तासात तयार होते आणि सोमवारच्या भाजीची सोय होते. शेंगदाणे वेगळे भाजू नका. बटाटे काढून ओव्हन बंद केल्यावर ट्रेमध्ये पसरून आत ठेवून द्या आणि पाच-सहा मिनिटांनी एकदा हलवा. उरलेल्या धगीवर ते एकसारखे भाजले जातात, पण विसरलात तर काळे पडतात. पुढच्या आठवड्याच्या कुटाची सोय होते. त्या दिवशी ताटात घालायचे दाणे मात्र आधीचे भाजलेले असावे लागतील.

सासूबाईंच्या ताटाबद्दल. मधुमेहात किती बटाटा चालेल, हे त्यांच्या साखरेवर आणि औषधांवर अवलंबून आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच प्रमाण धरावे. माझ्या मेसमध्ये काही वयस्कर लोकही डबा नेतात, त्यांना मी अर्धा बटाटा, त्याच्या दुप्पट उसळ आणि सोबत काकडीची कोशिंबीर देतो. बटाटा एकटा खाण्यापेक्षा कडधान्य आणि दह्याबरोबर खाल्ला तर साखर सावकाश वाढते. चावायला त्रास होत असेल तर भाजकी साल त्यांना देऊ नये, फक्त आतला गर काढून उसळीत कालवून द्यावा.

उरलेले दीड-दोन बटाटे जेवण आटोपताच, दोन तासांच्या आत, उघडे करून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. शिजलेला बटाटा फॉईलमध्ये बांधून ओट्यावर ठेवण्याची सवय धोक्याची आहे. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका उपाहारगृहाने फॉईलमध्ये भाजून तसेच बाहेरच्या तापमानाला ठेवलेले बटाटे नंतर चटणीसारख्या पदार्थात वापरले आणि ३० जणांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार झाला. हवा न लागणारी, ओलसर आणि कोमट जागा त्या जंतूंना हवीच असते, आणि फॉईलच्या आत ती आयती मिळते.

दुसऱ्या दिवशी या बटाट्यांचे भरीत करा. गर हाताने मोडून त्यात दही, मीठ, साखर, बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची घाला आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्या. उकडलेल्या बटाट्याच्या भरितापेक्षा याला खमंगपणा जास्त येतो, कारण भाजताना गरातले पाणी आटलेले असते आणि दही पातळ न होता गराला धरून राहते. सोमवारी डब्यात पोळीबरोबर तेच देता येईल.